गुरुवारचा भाग

माद्रिद

प्रिय आई,

शाळेच्या नाटकात मी मेले, तेव्हा तू प्रेक्षकांतून ओरडली होतीस, "एल्विरा, ऊठ! माझ्या डोळ्यांदेखत मरायचं नाही!" आणि मी खरंच उठले होते.

टीव्ही मालिकेत मी करते ती औषधवाली गुरुवारी मरते. अकरा वर्षं रोज दुपारी तू मला तिच्या रूपात पाहिलंस. काळजी करू नकोस, एका आजीच्या भूमिकेसाठी विचारलंय. शेहेचाळिसाव्या वर्षी आजी! हसलीस ना? अजून नक्की काही नाही.

गुडघा कसा आहे? ओब्दुलियामावशी पत्त्यांत अजून लबाडी करते का?

या वेळी तू "ऊठ" म्हणालीस, तरी मला उठता येणार नाही. गल्लीतल्या सगळ्याजणींना जमवून तू बघशीलच, ठाऊक आहे. तरी गुरुवारी टीव्ही लावू नकोस. मावशीकडे पत्ते खेळायला जा, आई.

तुझीच,
एल्विरा