जयेशला डिलीटचा अधिकार नाही

मी भास्कर रामचंद्र टेंबे, वय त्रेपन्न, राहणार अन्नपूर्णा, इंदूर, हे मृत्युपत्र स्वखुशीने व पूर्ण शुद्धीत करून ठेवीत आहे. पुढच्या आठवड्यात माझ्या हृदयावर शस्त्रक्रिया आहे. हृदय बिघडले आहे असे डॉक्टर म्हणतात. बुद्धी बिघडली आहे असे फक्त माझा भाचा जयेश म्हणतो.

१. राहते घर व बँकेतील शिल्लक पत्नी सुलोचना हिची. माझे व्याकरणाचे ग्रंथही तिचेच. ते जागा अडवतात, हे वाक्य तिने निदान तेराव्यापर्यंत आवरावे.

२. मी जिथे कामगारांच्या नोंदी ठेवत असे ती कापडमिल बंद पडली तेव्हा साहेबलोकांनी पंखे, खुर्च्या, अगदी फाटकावरची घंटासुद्धा नेली. त्या नोंदींचा संगणक मात्र कोणालाच नको होता. तो मी भंगाराच्या लिलावात घेतला. कोणी कोणत्या खात्यात किती वर्षे काम केले याचा पुरावा आता फक्त त्यातच आहे, आणि माणसे अजून दाखला मागायला येतात. तो संगणक, नोंदींच्या प्रती ठेवलेल्या त्याच्या टेप्स व त्यावरचे सर्व अधिकार माझी मुलगी मंजुषा हिला.

३. जयेशला का नाही, हे त्याच्या आईने विचारण्याआधीच लिहितो. संगणकाच्या कोर्सच्या सर्टिफिकेटाच्या जोरावर त्याने प्रत्येक नोंदीची ओळख म्हणून क्रमांकाऐवजी नाव लावले. आमचे कारकून इंदुरी. कोणाच्या नावाला 'जी' जोडलेले, कोणाच्या 'भिया', म्हणजे भाऊ. जयेशने ही शेपटे छाटली आणि सारखी उरलेली नावे दुबार समजून पुसली. विणकाम खात्यात तीन धोंडिबा होते; एक राहिला. पुसलेल्यांपैकी एकाची विधवा कौसल्याबाई आली, तर हा म्हणतो, "मावशी, तुमचे मिस्टर रेकॉर्डमध्ये हैच नाहीत."

"मग इतकी वर्षं मी डबा कोणाचा भरत होते रे भिया?"

मी टेपवरून सर्व परत आणले. यावर जयेशचे शहाणपण: "अरे मामा, मेलेत ना ते? डिलीट मारा, नोंदींचं टेबल हलकं होईल!" टेबले हलकी करण्याची एवढी हौस असेल तर त्याने मंडपवाल्याकडे नोकरी धरावी.

४. मंजुषाने पुढील गोष्टी पाळाव्यात. व्याकरणात लोप म्हणजे न दिसणे, नाश नव्हे. लोपलेले अक्षरही आपले काम करून जाते. म्हणून माणूस गेला तर नोंदीपुढे खूण करावी, नोंद पुसू नये. चुकीची नोंद पुसणे भागच असेल तर ज्या अटीने पुसायचे तीच अट लावून आधी कोणाकोणाची नावे निघतात त्याची नुसती यादी पाहावी, मग हात उचलावा. रोजच्या कामाला संगणकावरचे सर्वाधिकाराचे खाते वापरू नये. राजादेखील भाजी आणायला मुकुट घालून जात नाही. टेपवर प्रत घेतली म्हणून निश्चिंत होऊ नये, ती दुसऱ्या यंत्रावर उतरवून पाहावी. न उतरवलेली प्रत ही श्रद्धा असते, आणि श्रद्धेसाठी अन्नपूर्णेचे देऊळ जवळ आहे. एक प्रत हातोद गावी माझा मित्र रघुवीर याच्या घरी असावी. आग लागली की संगणकाशेजारचे कपाटही जळते, एवढे उदारीकरणानंतर टाय लावून उगवलेल्या कन्सल्टंटांना फी घेऊनही कळत नाही.

५. जयेशला माझे शाईचे पेन. पुसता येत नाही असे काही लिहून पाहावे.

६. काल जयेश म्हणाला, "मामा, पासवर्ड तरी सांगून जा." 'जा' हे क्रियापद त्याने जरा लवकरच वापरले. पासवर्ड मी मंजुषाला सांगितला. तिने तो माझ्यासमोरच बदलला. नवा कोणता, असे विचारले तर म्हणाली, "बाबा, तुम्हाला कशाला? तुम्ही आता फक्त बघायचं." बरोबर शिकली आहे. म्हणून शस्त्रक्रियेतून मी परत आलो तरी अधिकार तिच्याकडेच राहतील. वकील म्हणतात, माणूस जिवंत असताना मृत्युपत्र चालत नाही. हे एक कलम चालवावे.

वाचून, समजून सही केली.
भास्कर रामचंद्र टेंबे

आमच्यासमक्ष सही झाली:
१. रघुवीर सोलंकी, हातोद
२. सरोजिनी दिघे, शेजारीण, अन्नपूर्णा

इंदूर, ११ नोव्हेंबर १९९७