शुद्ध शाकाहारी, अकरा महिने

३ मे, शनिवार
मानपाड्याचं घर ३१ला सोडायचंय. मालकाच्या मुलाचं, शौनकचं लग्न ठरलंय. हेमांगी म्हणाली, देवराम ब्रोकरला फोन कर. दार उघडून दाखवण्याचं एक महिन्याचं भाडं? शक्य नाही. आठ दिवसांत मीच शोधणार. डोंबिवली वेस्टला, नदीकाठी, शांत. खाली डीजेवाला हॉल नको, एवढीच हेमांगीची अट. संकल्प: नवीन घरात रोज पहाटे नदीकडे तोंड करून प्राणायाम.

६ मे, मंगळवार
अ‍ॅपवरून पाच मालकांना फोन. चौघांचा पहिला प्रश्न, नॉनव्हेज खाता का? मी म्हटलं, फक्त रविवारी. चौघांचंही घर लगेच दुसऱ्याला गेलेलं.
शिकलो. आजपासून आम्ही शुद्ध शाकाहारी. हे खोटं नाही, स्ट्रॅटेजी आहे. हेमांगी म्हणाली, सुरमईचं डोकं चोखताना तुला फोन आला तर उचलत नाहीस तू. मी यात नाही.
तिला मार्केटिंग कळत नाही.

११ मे, रविवार
मिळालं. मोठागावच्या बाजूला, नदीपासून चार मिनिटं. तीन मजली सोसायटी, झाडं, चिटपाखरू नाही. मालकीण थेल्मा आंटी, रिटायर्ड शिक्षिका. त्या आणि नेविल अंकल तळमजल्यावर, भाड्याचं घर बरोबर वर.
आंटींनी काही विचारायच्या आत सांगून टाकलं की आम्ही अंडंसुद्धा खात नाही. वासानेही मला चक्कर येते. अंगणात चादरीवर काहीतरी वाळत घातलेलं, त्याच्याजवळून जाताना नाकाला रुमाल लावला. अभिनय नैसर्गिक झाला. आंटी बराच वेळ बघत राहिल्या. अंकलनी चादर हळूच मागच्या बाजूला ओढून नेली. कळवते, म्हणाल्या.
हेमांगीला सांगितलं, पॅकिंग सुरू कर.

१४ मे, बुधवार
फोन नाही. चांगली माणसं घाई करत नाहीत.

१६ मे, शुक्रवार
मीच फोन केला. आंटी प्रेमाने बोलल्या, त्यामुळे जास्त लागलं.
“पोरा, तू सज्जन दिसतोस. पण आधीचे भाडेकरूही तुझ्यासारखेच होते. माझ्या सुकटीच्या वासावर त्यांनी सोसायटीत तीन अर्ज दिले. आता या वयात आम्ही दारं-खिडक्या लावून जेवायचं का?”
म्हणजे चादरीवर सुकट होती. मी रुमाल लावलेला.
खरं सांगणार होतो. पण पाच दिवसांपूर्वी वासाने चक्कर येणारा माणूस आज मासे खातो, हे कसं पटवायचं? ‘नो प्रॉब्लेम आंटी’ म्हणून फोन ठेवला.
हेमांगीला सांगितलं, त्या घरात ओल होती.

२३ मे, शुक्रवार
आठ दिवस उरले. देवरामला फोन केला, निव्वळ माहितीसाठी. त्याने एकच घर दाखवलं. खाली डीजेवाला हॉल. नवीन हॉल.
हेमांगीने आंटींचा नंबर तेवढा मागितला.

२५ मे, रविवार
हेमांगी सकाळी एकटी गेलेली, दुपारी आली. घर मिळालं. मी विचारलं, केलंस काय? म्हणे, काही नाही, चादरीजवळ बसून सुकट निवडली आणि विचारलं, इथे चिखलातले ताजे मासे, निवट्या, कुठे मिळतात? आंटींनी जेवायला ठेवून घेतलं.
अ‍ॅग्रीमेंट अकरा महिन्यांचं, तिच्या नावावर. संध्याकाळी नोंदणीचा एजंट अंगठ्याचं मशीन घेऊन आला. मी अंगठा पुसून तयार. तो म्हणाला, साहेब, तुमचा नाही लागणार.
मग माझ्याबद्दल खरं सांगितलंस ना, असं हेमांगीला विचारलं.
“तू शब्द दिलेलास त्यांना. मी कशाला खोटा पाडू? सांगितलं, तो घास-फूस खातो, पण स्वभावाने गरीब आहे. अर्ज-बिर्ज करणार नाही.”

१ जून, रविवार
शिफ्ट झालो. खरंच शांत. प्राणायाम उद्यापासून. नदी बाथरूमच्या खिडकीतून दिसते, स्टुलावर चढलं की.
दुपारी आंटी स्वतः वर आल्या. हेमांगीला पातेलंभर निवट्यांचं कालवण. “बाय, पोटभर खा.” मला वेगळा डबा. नवा कोरा. मासळीचा हात न लागलेला, नेविल अंकलनी माझ्यासाठी मुद्दाम विकत आणलेला. आत दुधी. दर रविवारी देणार आहेत.
मला चक्कर येऊ नये म्हणून हेमांगी कालवण घेऊन गॅलरीत बसली. दार ओढून घेतलं.
दुधीत मीठ बेताचं होतं.