ज्वारीच्या कोठीतला पहिला नंबर

मु. पो. डोंगरकडा, ता. कळमनुरी, जि. हिंगोली

भाऊ प्रेमानंद यास, तुझ्या पद्माअक्काचा पोटापासून जय भीम. मिनाला आशीर्वाद आणि रुद्रच्या दोन्ही गालांचे पापे. तुझी कंबर आता कशी हाय? त्या फिरत्या खुर्चीवर दिवसभर बसून तिचा भुगा होईल असं मी मागंच म्हणले होते, पण मोठ्या बहिणीचं ऐकलं तर पुण्याची माणसं हसतील ना! रुद्रला दात येऊन राहिले होते, आता आले असतील. त्याला चावायला गाजर दे, खारीक दे, पण मोबाईल देऊ नको. काहून ते पुढं वाचलं की कळंल.

टपालाचं पाकीट बघून छातीत धस्स झालं असंल तर आधी घोटभर पाणी पी. सगळे जिते हायत. मी फोन काहून केला न्हाई? बाबा, आमच्या घरातले फोन आता बोलायला न्हाईत, गायला हायत. गेल्या आठ दिवसांत तू कवा फोन लावला असशील आणि ती बाई 'संपर्क क्षेत्राच्या बाहेर' म्हणाली असंल, तर ती खोटं बोलली न्हाई. माझा फोन ज्वारीच्या कोठीत होता. अजून हाय. (झाकण उघडं ठेवावं लागतं, नेटला वाट पाहिजे म्हणून. उंदरांनी त्याच वाटेनं संसार थाटला.)

पहिल्यापासून सांगते. तुझ्या दाजीचा अल्बम निघणार हे तुला ठाऊकच हाय. 'ओल्या हळदीचा वास' असं नाव, सहा गाणी, सगळी स्वतः लिहिलेली. तू त्यांच्या गाण्याच्या पार्टीत ढोलकी वाजवायचास तवापासून हा माणूस दुसऱ्याच्या मागं उभं राहून कोरस म्हणत आला. पोस्टरवर मोठ्या गायकाचं नाव, खाली 'आणि संच', आणि त्या संचात कुठंतरी आमचे रत्नपाल. सकाळी ग्रामपंचायतीचं पाणी सोडायचं, रात्री कोरस, असं करता करता डोक्याचे केस गेले. आता कुठं संचातून बाहेर निघून नाव वर आलं. अल्बम निघाला त्या दिवशी पाणी सोडायला जाताना त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. व्हॉल्व्ह फिरवायला इस्त्रीचा शर्ट!

तर हा अल्बम 'सूरगाव' नावाच्या ॲपवर टाकला. त्या ॲपवर दर आठवड्याला यादी लागते. सोमवारपासून रविवारपर्यंत ज्याचा अल्बम जास्ती वाजला तो पहिला, आणि पहिल्याला नांदेडच्या मोठ्या स्टेजवर गायला बोलावणार, एकट्याला, पुढच्या माईकवर. मला वाटलं, लोक ऐकतील, आवडलं तर वर चढंल, न्हाई आवडलं तर खाली येईल. किती अडाणी मी! त्याच आठवड्यात कनेरगाव नाक्याच्या ऐश्वर्या नावाच्या पोरीचा 'नाक्यावरची पोरगी' निघाला. पोरगी विशीतली, आवाज खणखणीत, आणि हिंगोली-वाशिम रस्त्यावरच्या धाब्यांवर तिच्याशिवाय दुसरं काही वाजत न्हाई. ट्रकवाले जेवायला थांबतात आणि तिचे भक्त होऊन निघतात म्हणे. रोजचा आकडा दिसतो, त्यात मंगळवारी ती पहिली आणि आमचे सहावे. तुझे दाजी म्हणाले, सहावा काय वाईट हाय? एवढं म्हणले आणि ताटावरून उठले.

तिथं आमची आकांक्षा मधी पडली. तुझी भाची बारावीला काय शिकली ते परीक्षेचा निकाल सांगंल, पण कोरियातल्या त्या गाणाऱ्या पोरांच्या पायी ती काय काय शिकली ते मी सांगते. (त्यांचे फोटो माझ्या मशीनच्या वरच्या भिंतीवर हायत. ब्लाउज शिवायला आलेल्या बाया विचारतात, जावई का?) देशोदेशीच्या पोरी मिळून त्या पोरांचा अल्बम वर चढवतात. कोणी कधी वाजवायचं, किती वाजवायचं, सगळं ठरलेलं. ही सगळी विद्या घेऊन पोरगी बापापुढं उभी राहिली आणि म्हणाली, पप्पा, गाणं चांगलं असून भागत न्हाई, फौज पाहिजे. मला तवाच उठून दार लावायला पाहिजे होतं.

फौज उभी राहिली, बाबा. जयंती कमिटीचा अध्यक्ष नरसिंग सेनापती झाला आणि गल्लीगल्लीतून फोन आले. काच फुटलेले, बटनं दाबून दाबून बसलेले, एक तर रबरबँड लावून धरलेला. फोन आला तर गाणं मधीच तुटतं आणि तुटलेलं गाणं मोजत न्हाईत, म्हणून सगळे फोन विमानाच्या खुणेवर टाकले, वायफाय तेवढं चालू. आवाज पार बंद केला तरी मोजत न्हाईत, म्हणून आवाज एक कांडी ठेवायचा. पण एक कांडीचे एवढे फोन एका खोलीत लावले की डोक्यात माशा घोंगावतात, मग ते कोठीत, पिठाच्या डब्यात, गोधडीच्या घडीत असे ठेवले. फोन तापतात म्हणून घरातला एकुलता एक पंखा फोनांकडं, आणि आमी चैताच्या उकाड्यात पदरानं वारा घेऊन राहिलो. माझ्या ब्लाउजच्या बाया फोन करून करून थकल्या आणि दुसरीकडं शिवायला टाकून मोकळ्या झाल्या. लग्नसराईत! आता बोल.

फोन लागत न्हाई म्हणून कळमनुरीच्या नणंदबाईंनी काय समजायचं ते समजलं. जीप करून आल्या, ते वेशीपासूनच गळा काढून. मागं चार बाया, त्याही तयारीनं. मी हरभरा निवडत बसले होते, मला बघून त्यांनी मिठीच मारली. अगं काय झालं, मी विचारते, त्या मलाच विचारतात. तेवढ्यात त्यांच्या कानावर भावाचा आवाज आला, लहान, दबलेला, ज्वारीच्या कोठीतून. दाजी तवा पाणी सोडायला गेले होते. बाईंनी अशी किंकाळी फोडली की पाटलाच्या बैलानं दावं तोडलं. कोठी उपडी केली, ज्वारी अंगणभर, आणि तिच्यात तुझ्या दाजीचं तिसरं गाणं चालू. मग रडायला आणलेल्या बायांना मला चहा पाजावा लागला. नणंदबाई जाताना रागानं काय म्हणाल्या ते लिहीत न्हाई, पण त्यांचाही फोन आकांक्षानं ठेवून घेतला.

एवढं करून शुक्रवारी आमचे दुसरे आले आणि तिथंच अडकले. आमी जेवढं वाजवावं त्याच्यापरीस ऐश्वर्या जास्ती चढून राहिली होती. नरसिंगला वाटलं नाक्यावरच्यांनी काही लबाडी केली. दोन माणसं धाब्यावर जाऊन टेहळणी करून आली (टेहळणी म्हणजे शेवभाजी खाऊन आली). लबाडी कुठं न्हाई. मग आकांक्षानं एकेक फोन उघडून बघितला आणि कपाळावर हात मारला.

त्याचं असं हाय, की एकाच माणसाची गाणी सारखी लावली तर ॲपला वाटतं हे यंत्र हाय, माणूस न्हाई. म्हणून दोन-तीन गाणी झाली की मधी कोणाचंतरी दुसरं गाणं घालायचं असतं. दुपारी पोरगी कॉम्प्युटरच्या क्लासला, मी मशीनवर, तवा फोनांची राखण सासूबाईंकडं. त्यांना सांगितलं होतं, मधून मधून दुसरं काहीही लावा. त्यांनी लावलं. प्रत्येक फोनावर, प्रत्येक वेळी, ऐश्वर्याचं! आपल्या घरच्या कोठीतून, आपल्या विजेवर, आपल्या पंख्याच्या वाऱ्यात आमी चार दिवस कनेरगाव नाक्याला वर चढवत होतो. आकांक्षा रडायला लागली, आजी असं काहून केलं? तर म्हातारी शांतपणे म्हणते, पोरगी चांगली गाती ना माय, मन लागतं. मग तुझ्या पोराचं? मी विचारलं. तर म्हणे, त्याचं कसं ऐकू येईल, त्याला तर पिठात घातलंय.

त्या वेळी मला हसू आलं. पण शनिवारी जेवायला नरसिंग बसला होता, आणि दाजींनी भाकरीचा तुकडा मोडत त्याला हळूच विचारलं, नरसिंग, सहांमधलं कोणतं बरं वाटलं रे? नरसिंग फौजेचा सेनापती, त्याच्या एकट्याच्या घरात पाच फोन गाऊन राहिले. तो म्हणाला, भाऊ, एक कांडीत कुठं ऐकू येतंय, पण आकडा झकास हाय. दाजी 'बराबर हाय' म्हणाले आणि त्यांनी त्याला अजून वरण वाढलं.

रविवारी गाव पेटलं. कोणीतरी उठवून दिलं, की जो गाणं लावणार न्हाई त्याच्या गल्लीला पाणी येणार न्हाई. (यांनी आजवर वैऱ्याच्या नळाचं पाणी तोडलं न्हाई. पण उन्हाळ्यात डोंगरकड्याला पाण्याची अफवा पुरते.) सकाळपासून बाया हंडे घेऊन दारात, भाऊ, आमच्या घरी तुमचंच चालू हाय बरं का! दूधवाला म्हणतो चालू हाय, गिरणीवाला म्हणतो चालू हाय, गिरणीच्या खडखडीत त्याला स्वतःचा आवाज येत न्हाई तो. आणि सोमवारी यादी लागली. पहिला नंबर, रत्नपाल, डोंगरकडा.

गावच्या चौकात सत्कार झाला. हार, फटाके, नारळ, शाल, सगळं यथासांग. नरसिंगचं भाषण लांबलं, मग तो म्हणाला, आता भाऊंनी आपल्या सगळ्यांच्या आवडीचं गाणं म्हणावं, सांगा मंडळी, कोणतं? आणि प्रेमानंद, सगळ्या चौकात एकाला नाव येईना. माणसं एकमेकांच्या तोंडाकडं बघतात, कोणी फटाक्यांची कागदं पायानं सारतो. आकांक्षा तोंडानं काहीतरी खुणा करते, पण तिलाही आकडे पाठ, गाणी न्हाईत. शेवटी पुढच्या रांगेतून आमच्या सासूबाई उठल्या आणि ठणठणीत आवाजात म्हणाल्या, नाक्यावरची पोरगी म्हण! लोक सुटल्यासारखे ओरडले, व्हय व्हय, तेच, तेच!

त्यांनी म्हटलं रे. स्वतःच्या सत्कारात, गळ्यात हार घालून, ऐश्वर्याचं गाणं पहिल्या कडव्यापासून शेवटपर्यंत म्हटलं, आणि चांगलं म्हटलं. लोक नाचले. मला मात्र असा संताप आला, की तो नारळ तिथंच नरसिंगच्या डोक्यात घालावा वाटलं. घरी आल्यावर त्यांनी शाल घडी करून ठेवली आणि व्हॉल्व्हची चावी घेऊन निघाले. इस्त्रीचा शर्ट खुंटीवरच होता.

आता नवा आठवडा सुरू झालाय आणि फोन पुन्हा कोठीत गेलेत, कारण नांदेडचं बोलावणं येईस्तोवर आलेला नंबर टिकवायचा म्हणे. मी या सगळ्याला हात जोडले. तूही या नादी लागू नको, मिनालाही लागू देऊ नको. कंबर शेकत जा.

तुझी,
पद्माअक्का

ता. क. : आता एवढा पहिला नंबर आलाच हाय तर तो नाक्यावाल्यांना काहून द्यायचा? तुझ्या कंपनीत माणसं किती हायत? जेवणाच्या सुट्टीत त्यांचे फोन रिकामेच पडलेले असतील. आवाज एक कांडी. मधी दुसरं कोणाचंही घाला, पण ऐश्वर्याचं घालू नका.

दुसरा ता. क. : वरचं आकांक्षानं लिहायला लावलं, ती मागं उभी होती. आता ती गेली. पाकिटात चिंधीत गुंडाळलेलं मेमरी कार्ड हाय, ते सांभाळून काढ. त्याच्यात सहाही गाणी हायत. कार्डावरचं गाणं त्या यादीत मोजत न्हाईत, नरसिंगला विचारून खात्री केली, म्हणून तर कार्ड पाठवलं. मी चौथं ऐकलं, दुपारी, मशीन थांबवून, पूर्ण आवाजात. त्यातला ठेका माझ्या पायमशीनचा हाय. एवढी वर्षं मला वाटायचं, मी शिवताना हे बाजेवर झोपलेले असतात. मी सांगितलं तर म्हणतील, बायको हाय, चांगलंच म्हणणार. तू पार्टीत भर कार्यक्रमात ढोलकी थांबवून त्यांना ताल चुकला म्हणून बोलला होतास, त्यामुळं तुझ्यावर त्यांचा विश्वास हाय. कार्ड लाव, दार लाव, रुद्रला मिनाकडं दे आणि एकदा ऐक. मग त्यांच्या नावानं चिठ्ठी टाक, कोणतं बरं वाटलं ते लिही. ताल चुकला असंल तर तेही लिही. फक्त ऐकून लिही.