चंदनसारच्या घराची लाल पट्टी

७ जानेवारी २००१, रविवार
चंदनसारला नव्या घराचा स्लॅब घालून झाला. एकदाचा. मी सावलीत खुर्चीवर, कारण म.चा हुकूम. (म. म्हणजे आमचे नवरोबा. आधीच डोक्यावर बसलेत, इथे पूर्ण नाव लिहून आणखी चढवायला नको.) भाऊ, म्हणजे सासरे, धोतर खोचून सगळ्यांच्या डोक्यावर उभे. आम्ही दोघं नोकरीवाले, त्यामुळे बांधकामावर भाऊच मालक. पापडीच्या आमच्या घरची केळीची वाडी सोडून रोज बसने येतात बिचारे.
गुरुजींनी सांगून टाकलंय, सातवा लागला की पोटुशीने नव्या घरात पाऊल टाकायचं नाही, मग बाळ झाल्यावरच. एप्रिलात सातवा. म्हणजे राहायला जायला पाडवा गाठायलाच हवा. चंदनसारहून स्टेशन जवळ, नाहीतर बाळ होईपर्यंत पापडी ते स्टेशन त्या रिक्षात हाडं खिळखिळी. डॉक्टरीणबाई परवा ओरडल्याच, रिक्षा बंद करा म्हणून. बंद करून जाऊ कशी?

१० जानेवारी, बुधवार
जेवणाच्या सुट्टीत आमचं घर ऑफिसच्या प्लॅनिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये घातलं. एरवी तिथे उड्डाणपुलांचे खांब घालते, आज ओटा आणि मोरी. प्रत्येक काम, त्याच्या आधी काय, नंतर काय, दिवस किती. बटण दाबलं, घर पाडव्याच्या आधी तयार. साहेब मागून बघून गेले. जाताना हसले.
प्रिंट घरी आणली. जेवताना भाऊंना समजावलं. लाल पट्टीचं काम लांबलं की अख्खं घर लांबतं, निळ्या पट्ट्या जरा मागेपुढे झाल्या तरी चालतं. भाऊंनी चष्मा लावून नीट बघितलं. "म्हंजे लाल हालली का पाडवा हालला."
अगदी बरोबर, म्हटलं. वर शाबासकी. कागद स्वयंपाकघरात भिंतीला चिकटवला.

२१ जानेवारी, रविवार
आज स्लॅबखालचे टेकू निघायचे होते. भाऊंनी हात लावू दिला नाही. "अजून पानी पिऊ दे त्याला." मी म्हटलं, भाऊ, स्लॅब आहे, केळीचं रोप नव्हे. "दोगांना पानी लागतंच." वाद घालून दमले.
नंतर माझ्या पिशवीत सुकेळीची, वाळवलेल्या गोड केळ्यांची, पुडी सापडली. भांडण झालं की सुकेळी, हा भाऊंचा नियम. आणि मी ती खाते, हा माझा.

८ फेब्रुवारी, गुरुवार
पास्कू सुतार तयार चौकटी घेऊन येणार होता. भाऊंनी परत पाठवला. पुढच्या दाराला म्हणे आपल्या वाडीतला फणसच हवा. फणस गेल्या उन्हाळ्यातच पाडून चिरलेला, पण लाकूड अजून वाळतंय म्हणे. चौकट नाही म्हणून प्लास्टर नाही, प्लास्टर नाही म्हणून फरशी नाही.
म. म्हणतो, "जाऊ दे ग, हौस आहे त्यांची." हौस त्यांची, पट्टी माझी.
झोपायच्या आधी म.ने सांगितलं, तो फणस सासूबाईंनी लावलेला. मी त्यांना बघितलेलं नाही, फोटोतच काय ते. मग दिवा मालवला.

२० फेब्रुवारी, मंगळवार
ओटा मोडला. बांधून झालेला ओटा! भाऊ म्हणतात, सूनबाई उंच, वाकून वाकून पाठ धरेल. मी कुठली उंच, फळीवरचा डबा काढायला पाट लागतो मला.
आज बोलले नाही त्यांच्याशी. सुकेळी आली. खाल्ली नाही. म.ने खाल्ली.

२३ फेब्रुवारी, शुक्रवार
पूल रखडला की आमच्याकडे उशिराचा पंचनामा होतो. मूळ आराखडा घ्यायचा, झालेला एकेक उशीर त्यात घालायचा, शेवटची तारीख हलते का बघायचं आणि समोरच्या रकान्यात लिहायचं, कोणामुळे. आज घराचा केला.
वाळूचा ट्रक उशिरा आला होता, तारीख हलली नाही. मी नळ निवडायला आठवडा घालवला, तरी नाही. मग भाऊंचे घातले. एकही वाया नाही. प्रत्येक उशीर नेमका लाल पट्टीवर. निळ्या कामांना मात्र धक्का नाही. कुंपण, टाकी, मोरी, सगळं वेळेच्या आधी.
असं कसं, म्हणून बघत बसले आणि लख्ख उजेड पडला. कागद कुठे लावलाय? स्वयंपाकघरात. भाऊ सकाळी चहा कुठे पितात? त्याच्यासमोर उभं राहून. शिकवलं कोणी? मी.
हसू आलं. मग शेवटची तारीख बघितली. पाडवा गेलेला, सातवा लागलेला. हसू गेलं.
पण का? माणूस कपटी नाही हो. मग का?

२५ फेब्रुवारी, रविवार
भाऊ वाडीत केळीला पाणी सोडत होते. विचारलंच. भाऊ, लाल पट्ट्याच का हलतात?
खाली बसून मातीने पाट अडवत राहिले. अडवून झाला तरी अडवत राहिले. मग, "घर झालं का तुमी जानार."
म्हटलं, तुमच्यासाठी खोली ठेवलीय की. चला.
"वाडी कोन बगील? आनि तिकडं सकाळी उठून मी करू काय?" मग हाताची माती झटकत, "तू ऑफिसातून आली का फाटक वाजतं. त्ये वाजलं का मी भात लावतो. उद्या कोनासाठी लावू?"
मी तिथेच बांधावर बसून रडले. आई गेल्यापासून माझ्यासाठी कोणी भात लावून ठेवला नव्हता. तसं सांगितलंही त्यांना. ते म्हणाले, "चिखलात बसू नको, सर्दी होईल."

२७ फेब्रुवारी, मंगळवार
काल पहाटेच भाऊ पास्कूला उठवून चंदनसारला घेऊन गेले. आज मी ऑफिसमधून परस्पर तिकडे गेले. फणसाची चौकट उभी! पास्कू म्हणाला, "वैनी, भाऊ धड जेवायला पन सोडत नाय. पाडवा गाठायचा म्हनतात."
लाकूड वाळलं का रे?
"त्ये कधीच वाळलेलं."
भाऊ माझ्याकडे न बघता वाकून खिळे वेचत होते. पाठमोरे. मला त्यांच्यावरचा राग आठवेना.

११ मार्च, रविवार
प्लास्टर झालं, फरशी निम्मी. शुक्रवारी ऑफिसात नवे आकडे घातले. पाडवा परत आला. म.ला सांगितलं, तो खूश. मीही खूश आहे. म्हणजे असायला हवं.
काल घरी आले, फाटक वाजवलं, आतून पातेल्याचा आवाज आला. बाहेर जाऊन फाटक पुन्हा एकदा वाजवलं. भाऊ ओरडले, "लावलाय, लावलाय."

१८ मार्च, रविवार
उरला फक्त रंग. शेवटची लाल पट्टी. रंगारी रंगांचं कार्ड घेऊन चंदनसारला हजर. "बाई, कोनता?"
फिकट पिवळा. जानेवारीतच ठरलाय, म.लासुद्धा पाठ आहे. मी कार्ड हातात घेतलं, उलटलं, सुलटलं आणि म्हटलं, विचार करून सांगते.
म. बघतच राहिला. भाऊ पुढे आले. "इचार कसला करतेस? लाल पट्टी हाय ती."
माहीत आहे भाऊ, म्हटलं.
त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.  घरी आल्यावर पिशवीत सुकेळीची पुडी. आज तर भांडणही झालं नव्हतं.
उद्या ऑफिसात हा उशीर घालायला हवा. कोणामुळे, या रकान्यात लाल पट्टीसमोर पहिल्यांदाच माझं नाव. रंगारी बुधवारी पुन्हा विचारायला येणार आहे. पिवळा तर पिवळाच, पण हिरवाही वाईट नाही.