आपले तीनशे बारा नियम

प्रिय हट्टी माणसा,

सव्वीस वर्षं आपण एका टेबलावर बसून संगणकाला तर्क शिकवला. एकेका नियमावरून कडाकडा भांडलो. मनातलं मात्र मी कधी बोलले नाही. तू संसारी होतास.

काल फोन केला. "मावशी, बाबा आता कुणालाच ओळखत नाहीत," तुझी मुलगी म्हणाली, तरी तिनं फोन तुझ्या कानाला लावला. मी आपल्या प्रोग्रॅममधला पहिला नियम म्हटला, "क हा ख चा पूर्वज, जर..." पुढचं तू घडाघडा म्हणालास. एकही अट चुकली नाही.

मग अदबीनं विचारलंस, "आपण कोण?"

"सहकारी," म्हणाले.

हे पत्र टाकत नाही; तुला वाचून दाखवायला मुलगीच लागेल. नियम तीनशे बारा आहेत. उद्या दुसरा म्हणेन.

तुझी,
भांडखोर