ड्राय बेलच्या हौदाकाठी माझ्यावर चाललेला खटला

गुरुवार, १४ मार्च. पहाटे ५.४०. ओमाहा.
निघायची ठरलेली वेळ ५.००. सासूबाईंची उशी सापडत नाही.
संकल्प एकच. सोमवारच्या आत टेसाने ऑरेगॉनच्या कॉलेजला नकार कळवायचा आणि घरापासून अकरा मिनिटांवरच्या आपल्या कॉलेजात नाव घालायचं. मी विषयच काढणार नाही. या चार दिवसांच्या सहलीत बाप जवळून दिसला की मुलीला आपोआप समजेल. जोलीनला ही योजना सांगितली. म्हणाली, तू जवळून दिसलास तर पोरगी थेट हवाई बेटांवर जाईल. माझ्या बायकोला लांबचा विचार जमत नाही.

गुरुवार, दुपारी २.१५. कॅन्सस, बहुतेक.
विषय काढला. एकदाच. ऑरेगॉनमध्ये एवढा पाऊस पडतो की लोकांच्या बुटांना बुरशी येते, इतकंच सांगितलं. टेसाने हेडफोन लावले. म्हणजे विचार करते आहे.
मागून सासूबाई म्हणाल्या, अरे डर्क, हे धान्याचं कोठार आपण तिसऱ्यांदा बघतोय ना रे? मी म्हटलं, कॅन्ससमधली सगळी कोठारं सारखीच दिसतात. जोलीनने फोनवर नकाशा उघडला.

शुक्रवार, १५ मार्च. संध्याकाळी ७.००. ड्राय बेल, ॲरिझोना.
पोचलो. चांदीची खाण बंद पडून शंभर वर्षं झाली, तरी गाव अजून तोऱ्यात आहे. लाकडी फुटपाथ. सुटलेल्या पोटांचे काउबॉय, कमरेला पिस्तूल आणि हातात मोबाईल. निवडुंगाची जेली. निवडुंगाचा साबण. दोन्हींचा रंग एकच. सासूबाईंनी चाखून फरक सांगितला.
जेवायला हिरव्या मिरचीचा रस्सा. तिखट झेपेल ना, असं वेट्रेसने मला विचारलं. मला! दोन वाट्या मागवल्या. डोळ्यांत पाणी आलं ते धुळीमुळे. इथे धूळ फार.
टेसा दोनदा हसली. योजना लागू पडते आहे.

शनिवार, १६ मार्च. सकाळी ९.३०.
आज बारा वाजता चौकात कोर्ट भरणार म्हणे. पूर्वी या गावात न्यायाधीश वर्षातून दोनदाच यायचा. तोवर आरोपींना पोसायचं कोणी? मग लोकांनी रस्त्यातच निकाल लावायला सुरुवात केली. घरचं माणूस आरोपीबद्दल एक चांगला शब्द बोललं की सुटका, नाहीतर घोड्यांच्या हौदात बुचकळायचं. आता हा खेळ पाहुण्यांसाठी चालतो आणि आरोपी गर्दीतून उचलतात. धडधाकट माणसं असल्या पोरखेळात कशी काय भाग घेतात? मी लांबून बघणार. तेही टेसासाठी.

शनिवार, दुपारी १.१०.
कपडे कोरडे आहेत, हे आधी लिहून ठेवतो.
शेरीफ बनलेला इसम पिस्तूल नाचवत सन अठराशे एक्याऐंशीच्या गोष्टी सांगत होता. ते मॉडेल त्यानंतर आठ वर्षांनी आलं, एवढंच मी म्हटलं. नम्रपणे. त्याला ऐकू गेलं नसावं म्हणून पुन्हा म्हटलं. मग त्याच्या टोपीबद्दलही दोन शब्द सांगितले. त्याने माझा दंड धरला. आरोप काय, तर भर चौकात आगाऊपणा. लोक खिदळले.
न्यायाधीश म्हणून हार्डवेअरच्या दुकानाच्या मालकीणबाई बसल्या होत्या, इनेझ बारेला. काळा झगा, पायांत स्पोर्ट्‌स शूज. त्यांनी विचारलं, आहे का कोणी याच्या बाजूने बोलणारं?
जोलीन म्हणाली, वेळेवर उठतो. बाई म्हणाल्या, कोंबडाही उठतो, पुढचा कोण? सासूबाई म्हणाल्या, तोंड बंद असलं की काही त्रास नाही त्याचा. याला चांगला शब्द म्हणायचं का, यावरून गर्दीत दोन तट पडले.
बाईंनी तो शब्द धरला नाही. दोघा काउबॉयनी मला हौदाशी नेलं. पाण्यावर हिरवट काहीतरी तरंगत होतं. मी टेसाकडे बघितलं. ती बुटांकडे बघत होती. खरं लिहायचं तर त्या वेळी मला हौदाची भीती वाटली नाही. ती काहीच बोलणार नाही, याची वाटली.
मग ती पुढे आली. म्हणाली, मला यायला उशीर झाला ना, की डॅड खिडकीत उभा राहतो. मी आले की म्हणतो, हवामान बघत होतो. बाहेर काळोख असतो, कसलं डोंबलाचं हवामान दिसतंय? सकाळी माझ्यावरच ओरडतो. पण मी घरात आल्याशिवाय झोपत नाही. कधीच नाही. सोडा त्याला.
बाईंनी हातोडा आपटला आणि मला सोडून दिलं.

शनिवार, दुपारी ४.००.
जिंकलो! असं बोलणारी मुलगी बापाला टाकून दीड हजार मैलांवर जाईल? शक्यच नाही. तिला रोज कॉलेजला मीच सोडणार. वाटेत बोलायच्या विषयांची यादी करायला घेतली. टायरमधली हवा. शेजारच्या लिंकन शहरापर्यंतचे जुने रस्ते. माझं बालपण (दोन आठवडे पुरेल).
जोलीन म्हणाली, डर्क, यादी ठेव बाजूला, आधी तिच्याशी बोल. नवरा जिंकलेला बघवत नाही काही जणींना.

रविवार, १७ मार्च. सकाळी १०.२०. पेट्रोल पंपावर.
बोललो.
टेसा म्हणाली, डॅड, मी ऑरेगॉनला शुक्रवारीच हो कळवलंय.
शुक्रवारी. म्हणजे काल चौकात ती बोलली तेव्हा तिचं जायचं ठरलेलं होतं. मी विचारलं, मग ते सगळं कशाला बोललीस? म्हणाली, खरं आहे म्हणून.
मला रडू आलं. तिने टिश्यू दिला आणि सासूबाईंनी, विचित्रच आहे, पाठीवरून हात फिरवला.
ऑगस्टमध्ये तिला सोडायला जायचं आहे. मी म्हटलं, मी आठवडाभर राहतो तिथे, तुझं बस्तान बसेपर्यंत. म्हणाली, दोन दिवस राहा. मी तीन मागितले. मिळाले नाहीत.