घोट्याच्या वर चढलेला गारवा

आई, तू जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुझ्यावरचा राग माझ्या अंगातून उतरत नाही. तू दवाखान्यात नर्स होतीस, आणि कोणाचं किती उरलं आहे ते तुला डॉक्टरांच्या आधी कळायचं. चादर सारून तळपायाला हात लावायचीस. गारवा घोट्याच्या वर चढला असला की घरच्यांना व्हरांड्यात न्यायचीस. पोंभुर्ण्याकडचा एक म्हातारा आठवतो. मी तुझा डबा घेऊन आले आहे आणि तू त्याच्या मुलाला सांगते आहेस, "आजच घरी न्या, भाऊ. एस.टी.त जित्ता माणूस बसते, मेलेल्याले कंडक्टर चढू देत नाई. अन् लेक कुठी आहे त्यायची? आरमोरीले? मंग आताच निरोप धाडा. बापाचं तोंड दिसलं पाह्यजे तिले." मग सुनेला बसवून शिकवलंस, की तोंडात पाणी ओतायचं नाही, कापसाच्या बोळ्याने ओठ ओले करायचे, थोड्या थोड्या वेळाने कूस बदलायची. ती रडत होती आणि तू तिचा हात धरून तिच्याकडून करवून घेत होतीस. मला तुझा फार अभिमान वाटला. त्यापायीच मी चंद्रपूरला नर्सिंगला गेले.

आणि बाबांच्या वेळी? घशाच्या दुखण्याने ते पार वाळून गेले होते. मी दोन दिवसांसाठी आपल्या गावी, मूलला, घरी आले होते. निघायच्या सकाळी तू माझ्यासाठी भात फोडणीला टाकत होतीस. मी विचारलं, "आई, थांबू का मी?" तू चुलीवरून नजर न काढता म्हणालीस, "काऊन थांबते? पेपर आहे ना तुझा. त्यायले काही नाई होत. जा." बाबा त्याच दुपारी गेले. मला निरोप आला तिसऱ्या दिवशी, पेपर संपल्यावर. मी पोचले तेव्हा माती होऊन गेली होती, त्रिशरण म्हणून झालं होतं, आणि त्यांची बाज धुऊन भिंतीला उभी केली होती. जगाच्या लेकींना निरोप धाडणारी तू, पोटच्या पोरीला परीक्षेला धाडलंस. हे मी तुला सगळ्यांसमोर ऐकवलं. तू एवढंच बोललीस, "तुह्या बापानंच सांगितलं होतं, पोरीचा पेपर बुडू नको देऊ." त्यांचा आवाज तर महिनाभर बंद होता. पुढे तू असेपर्यंत मी तुझ्या हातचं खाल्लं, पण तुझ्याशी धड बोलले नाही.

नोकरीत मीही तेच केलं. लोकांना व्हरांड्यात नेलं, निरोप धाडायला लावले, कापसाचा बोळा हातात दिला. लोक मलाही हात जोडत. ते जोडलेले हात मला सोसत नसत.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून लिहून टाकते. त्या सकाळी चुलीपाशी येण्याआधी मी बाबांच्या पायांवरची गोधडी सारखी केली होती. तळपायाला हात लागला. गारवा घोट्याच्या वर चढला होता. मी गोधडी नीट खोचली, हात पदराला पुसला आणि तुझ्याकडे आले. तू जा म्हणावंस, एवढ्यासाठीच विचारलं होतं.